हुद्दा वाढला, तासही वाढले



मागच्या बैठकीत गटातल्या एक ताई सांगत होत्या. त्यांची लेक तालुक्याला एका दुकानात सुपरवायझर झाली. घरात पेढे वाटले. आता ती रात्री साडेनऊच्या आत घरी येत नाही. जादा वेळेचे पैसे मागितले, तर उत्तर मिळालं, "तू सुपरवायझर, तुला कसला ओव्हरटाईम?" नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

याच प्रश्नावर अमेरिकेत ८० वर्षांहून जास्त काळ भांडण चाललंय. आज तीच गोष्ट सांगते.

२५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमध्ये ट्रँगल नावाच्या कपडे शिवायच्या कारखान्याला आग लागली. जिन्याचं दार कुलूपबंद होतं. १४६ जीव गेले, त्यात बहुतेक तरुण मुली. रस्त्यावरून ते पाहणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स नावाच्या बाई होत्या. १९३३ मध्ये त्याच अमेरिकेच्या कामगार मंत्री झाल्या. तिथल्या मंत्रिमंडळातल्या त्या पहिल्या महिला. त्यांनी नेट लावला आणि १९३८ मध्ये कायदा झाला. आठवड्याचे तास आधी ४४, मग १९४० पासून ४०. त्याहून जास्त काम केलं, तर दीडपट मजुरी.

पण घरकाम करणाऱ्या आणि शेतात राबणाऱ्या बायका बाहेरच राहिल्या. घरकामगारांना १९७४ मध्ये कायद्यात घेतलं. शेतमजुरांना देशाच्या कायद्यानं दीडपट आजही नाही.

साहेब लोकांनाही ओव्हरटाईम नव्हता. मग कोणालाही 'मॅनेजर' म्हणून जास्त राबवता आलं असतं. म्हणून पगाराची एक रेघ आखली. पगार रेघेखाली असेल, तर हुद्दा काहीही असो, दीडपट द्यायची. रेघेच्या वर असेल, तर काम खरंच साहेबाचं आहे का ते बघायचं.

महागाई वाढली, रेघ मात्र वर्षानुवर्षं जागची हलेना. २००४ मध्ये ती आठवड्याला ४५५ डॉलर होती. २०१६ मध्ये सरकारनं ती ९१३ करायचं ठरवलं. टेक्सासच्या एका न्यायालयानं अडवलं. २०२० पासून ६८४ झाली. २०२४ मध्ये ती वाढवून पुढं १,१२८ पर्यंत न्यायचा नियम आला. तोही टेक्सासमध्येच रद्द झाला आणि रेघ पुन्हा ६८४ वर आली. न्यायालयाचं म्हणणं असं, की कायदा काम काय आहे ते बघायला सांगतो, खात्यानं पगारालाच जास्त वजन दिलं. म्हणूनच काही खासदारांनी विधेयक आणलं, की वाढीव रेघ संसदेनंच कायद्यात लिहावी आणि ती आपोआप वाढत राहावी. रेघ कायद्यातच आली, तर खात्यानं मर्यादा ओलांडली असं म्हणायला जागा राहत नाही.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यानं जादा वेळेला दुप्पट दर ठरवला. पण देखरेख करणाऱ्यांना त्यातून वगळायची वाट त्यातही ठेवलीच होती.

म्हणून मैत्रिणींनो, लेकीला बढती मिळाली की पेढे जरूर वाटा. पण नेमणुकीचं पत्र मागून घ्या. त्यात काम काय लिहिलंय, तास किती लिहिलेत, ते वाचा. आणि रोजची यायची-जायची वेळ वहीत टिपायला सांगा. बचतीचा रुपया आपण वहीत लिहितो, मग कष्टाचा तास का नको?