बॉम्ब एमर

बॉम्बफेकी विमानातून नेम धरून बॉम्ब सोडणारा हवाई कर्मचारी. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटिश हवाई दलात हे काम ऑब्झर्व्हरच करी. दिशाही त्यानेच काढायची आणि नेमही त्यानेच धरायचा. विमाने मोठी झाली, तसे १९४२ मध्ये हे पद वेगळे झाले. १७ डिसेंबर १९३९ च्या हवाई प्रशिक्षणाच्या ओटावा करारानुसार कॅनडात १,३१,५५३ हवाई कर्मचारी तयार झाले, त्यांत बॉम्ब एमरही होते. कॅनडाच्या हवाई दलाचे अनेक जण यॉर्कशरमधील सहाव्या ग्रुपमधून जर्मनीवर गेले. काही थेट बंगालमधील लिबरेटर स्क्वाड्रनांत आले.

लँकॅस्टर विमानात हा माणूस नाकाडातील काचेच्या घुमटामागे पोटावर पालथा पडे. वाऱ्याचा वेग व दिशा नॅव्हिगेटर सांगे. ते आकडे मार्क चौदा नेमयंत्रात भरले की काचेवर प्रकाशाची फुली उमटे. लक्ष्य फुलीखाली येईपर्यंत वैमानिकाने त्याच्या ‘डावीकडे, आणखी डावीकडे, सरळ’ या हाकांवर चालायचे. बॉम्ब सुटल्यावरही छायाचित्र निघेपर्यंत विमान सरळच ठेवावे लागे. खालून तोफा चालू असताना हे अर्धे मिनिट सर्वांत अवघड, असे म्हणावे लागेल.

ब्रिटिश हवाई दलात मराठी नावही आढळते: शैलेंद्र एकनाथ सुखठणकर हे ८३ व्या स्क्वाड्रनमध्ये लँकॅस्टरचे नॅव्हिगेटर होते. महाराष्ट्रातही या दलाचा तळ होता: पुण्याजवळचा लोहगाव, १९३९ मध्ये उभारलेला. तेथे वेलिंग्टन व मॉस्किटो विमाने असत. दोन आसनी मॉस्किटोत नेम धरण्याचे काम पुन्हा नॅव्हिगेटरकडेच आले.