विजेच्या गाडीची पारख : वेग, मोल आणि पल्ला

विजेवर चालणाऱ्या गाड्यांविषयीं अलीकडे जें विपुल लेखन प्रसिद्ध होत आहे, त्यांत दोन विधानें वारंवार आढळतात. पहिलें असें कीं, ही गाडी अगदीं नवी आहे. दुसरें असें कीं, ती पूर्वीं एकदां निघाली होती खरी, परंतु एकदां वीज भरली असतां फार दूर जाऊं शकत नसल्यामुळें पेट्रोलच्या गाडीपुढें टिकली नाहीं. पहिलें विधान सपशेल चुकीचें आहे. अमेरिकेच्या इ. स. १९०० च्या उत्पादनगणनेंत ४,१९२ मोटारींची नोंद आहे. त्यांपैकीं १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या व अवघ्या ९३६ पेट्रोलच्या होत्या. दुसरें विधान अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्य हें निव्वळ खोट्यापेक्षां खोडून काढण्यास कठीण जातें. प्रस्तुत लेखांत आम्हीं त्याचाच विचार करण्याचें योजिलें आहे.

आधीं साधनांविषयीं दोन शब्द. गाडी घेणारा त्या काळींही तीन गोष्टी पाहत असे: ती किती वेगानें धांवते, ती घेण्यास व पोसण्यास किती खर्च येतो, आणि एका भरणींत तिचा पल्ला किती. या तिहींविषयीं जे आंकडे आज सांगितले जातात, ते बहुशः विक्रेत्यांच्या जाहिरातींतून व शर्यतींच्या वर्णनांतून उचललेले असतात. आमच्या वाचकांस बखर आणि अस्सल पत्र यांतील भेद सांगावयास नको. बखर टाकाऊ नसते. परंतु ती कोणी, कोणासाठीं व कोणत्या प्रसंगीं लिहिली हें पाहिल्यावांचून तिच्यांतील आंकडा घेऊं नये. जाहिरातींतील आंकड्याचीही हीच गत आहे. जमाखर्चाची वही तेवढी अस्सल कागदाच्या पंक्तीस बसते.

प्रथम वेग घेऊं. पॅरिसजवळ आशेर येथें ता. १८ डिसेंबर १८९८ रोजीं काउंट गास्तों द शास्लू-लोबा यानें झांतो याच्या विजेच्या गाडींतून ताशीं ६३.१५ किलोमीटरचा वेग नोंदविला. बेल्जियमच्या कामीय झेनात्झीस तें साहवलें नाहीं, आणि पुढील चार महिने या दोघांची चुरस चालली. ता. १७ जानेवारी १८९९ रोजीं तर विक्रम एकाच दिवशीं दोनदां बदलला. अखेर ता. २९ एप्रिल १८९९ रोजीं झेनात्झीनें 'ला झामे कोंतांत', म्हणजे 'कधींच संतुष्ट न होणारी', या बंदुकीच्या गोळीच्या आकाराच्या गाडींतून १०५.८८ किलोमीटरचा वेग गांठला. रस्त्यावरील कोणत्याही गाडीनें तोंपर्यंत शंभराचा आंकडा ओलांडला नव्हता. इ. स. १९०२ मध्यें सर्पोलेच्या वाफेच्या गाडीनें मोडीपर्यंत हा विक्रम टिकला. ती विजेची गाडी फ्रान्समध्यें कोंपिएन्य येथील संग्रहालयांत जतन केलेली आहे. हें सर्व खरें. परंतु ही मोजणी एका किलोमीटरपुरती होती, आणि तेवढ्यास पुरें एक मिनिटही लागलें नाहीं. त्यावरून कामाच्या गाडीविषयीं अनुमान काढणें म्हणजे एका छाप्यावरून सबंध मोहिमेचा अंदाज बांधण्यासारखें आहे.

कामाच्या गाडीचें उदाहरण लंडनमध्यें सांपडतें. ता. १९ ऑगस्ट १८९७ रोजीं वॉल्टर बर्सी याच्या विजेच्या भाडोत्री गाड्या त्या शहराच्या रस्त्यांवर आल्या. पिवळा-काळा रंग व गुणगुणणारा आवाज यांमुळें लोकांनीं त्यांस 'हमिंगबर्ड' असें नांव दिलें. वेग ताशीं नऊ मैलांच्या आसपास, वजन सुमारें दोन टन, पल्ला तीस मैलांच्या घरांत. पल्ल्याचा हा आंकडा आज वाचणारास हंसूं येईल. पण घोड्याच्या भाडोत्री गाडीसही दिवसाकाठीं घोडा बदलावा लागत असे, आणि बर्सीच्या गाडीची रिकामी बॅटरी लॅम्बेथमधील ठाण्यावर यंत्रानें काढून भरलेली बसवितां येत असे. म्हणजे पल्ल्याची उणीव व्यवहारांत भरून निघाली होती. असें असूनही इ. स. १८९९ मध्यें या गाड्या बंद पडल्या. कारण दुसरेंच होतें. दोन टनांच्या भारानें रबरी धांवा झिजत, आणि रस्त्याच्या हादऱ्यांनीं बॅटऱ्यांची नासाडी होई. जी गाडी आरंभीं गुणगुणत चाले, ती कांहीं महिन्यांतच खडखडूं लागे. ही गाडी अपुऱ्या पल्ल्यानें नव्हे, तर पोसण्याच्या खर्चानें मेली, असें आमचें मत आहे.

या खर्चाचें मूळ बॅटरीच्या घडणींत आहे. शिशाच्या पत्र्यांची, पुनःपुन्हां भरतां येणारी बॅटरी गास्तों प्लांते यानें इ. स. १८५९ मध्यें सिद्ध केली, आणि कामीय फोर यानें १८८१ मध्यें पत्र्यांवर लेप देण्याची युक्ति काढून ती व्यवहारोपयोगी केली. परंतु शिसें तें शिसेंच. फिलाडेल्फियांत १८९४ सालीं मॉरिस व सॅलम यांनीं जी पहिली 'इलेक्ट्रोबॅट' गाडी केली, तिची बॅटरीच सुमारें १,६०० पौंडांची होती. पल्ला वाढवावा तर शिसें वाढवावें लागे; शिसें वाढलें कीं वेग उतरे, धांवा झिजत, आणि वाढविलेल्या पल्ल्याचा कांहीं भाग त्या शिशासच वाहून नेण्यांत खर्ची पडे. लष्करासाठीं दाणा वाहणारे बैल वाटेंत त्याच दाण्यावर पोसावे लागावेत, तशांतला हा प्रकार. पत्रे पातळ केल्यास जोर वाढे पण आयुष्य घटे. जाड केल्यास उलट होई. तेव्हां वेग, मोल व पल्ला हे तीन निरनिराळे गुण समजून प्रत्येकास वेगळे गुण देणें हीच मूळ चूक होय. तिहींची गांठ एकाच वस्तूंत होती.

ही गांठ सोडविण्याचा मोठा प्रयत्न एडिसननें केला. त्याची निकेल-लोखंडाची बॅटरी प्रथम बाजारांत आली तेव्हां तिचे डबे गळूं लागले, म्हणून ती त्यानें मागें घेतली. सुधारलेली बॅटरी १९०९ नंतर मिळूं लागली. ती चिवट होती, वर्षानुवर्षें टिके, परंतु थंडींत तिचा जोर ओसरे आणि मोल भारी पडे. डेट्रॉइट इलेक्ट्रिक या गाडीस ती हवी असल्यास १९११ पासून ६०० डॉलर जादा द्यावे लागत. या रकमेचें वजन ध्यानांत येण्यासाठीं एवढेंच सांगतों कीं, १९१२ च्या सुमारास पेट्रोलची सबंध गाडी ६५० डॉलरांस मिळे, आणि विजेच्या गाडीस १,७५० डॉलर पडत. म्हणजे बॅटरी बदलण्याच्या पैशांत दुसरी गाडीच दारीं उभी राही.

याच डेट्रॉइट इलेक्ट्रिकच्या नांवावर एका भरणींत २११.३ मैलांचा पल्ला नमूद आहे, आणि तो आंकडा हौसेनें उद्धृत केला जातो. गाडीचा कमाल वेग ताशीं वीस मैलांच्या आसपास होता. म्हणजे हें अंतर कापण्यास दहा तासांहून अधिक काळ लागणार. असा प्रवास त्या गाडीच्या गिऱ्हाइकांपैकीं कोण करणार होतें? ती घेत असत शहरांतील डॉक्टर व संपन्न घरांतील स्त्रिया. खुद्द हेन्री फोर्डची पत्नी क्लारा फोर्ड १९१४ सालची डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवीत असे. यांस रोज लागणारें अंतर कंपनीनें जाहीर केलेल्या ऐंशी मैलांच्या पल्ल्यांत सहज बसे.

आतां ज्या प्रयोगाकडे आम्हांस वाचकांचें विशेष लक्ष वेधावयाचें आहे, तो अमेरिकेंतील हार्टफर्ड शहरचा. तेथील वीज कंपनीनें १९१० सालीं अशी योजना काढली कीं, व्यापाऱ्यानें मालगाडी बॅटरीवांचून विकत घ्यावी. बॅटरी कंपनीची राहील, ती ठाण्यावर बदलून मिळेल, आणि गाडी जितके मैल चालेल तितक्याचा आकार व दरमहा एक ठराविक रक्कम कंपनीस द्यावी. आपल्याकडील डाकचौकीवर स्वारानें दमलेला घोडा सोडून ताजा घ्यावा, आणि घोड्याच्या म्हातारपणाची काळजी चौकीवाल्यानें वाहावी, तसाच हा व्यवहार. तो १९२४ पर्यंत चालला, आणि त्या अवधींत या गाड्यांनीं साठ लक्ष मैलांहून अधिक अंतर कापलें. बॅटरी तीच जड, पल्लाही बेताचाच. बदलला होता तो बॅटरी झिजण्याचा बोजा कोणाच्या माथीं, एवढाच भाग. याउलट न्यूयॉर्कमधील इलेक्ट्रिक व्हेईकल कंपनीकडेही बॅटरी बदलण्याचें उत्तम यंत्र होतें. परंतु बॅटऱ्यांची निगा नीट राहिली नाहीं, भांडवलाचा सट्टा माजला, आणि १९०७ मध्यें कंपनी बुडाली.

पेट्रोलच्या गाडीचा विजय इतरही कारणांनीं झाला हें आम्हांस मान्य आहे. १९०१ मध्यें टेक्ससमध्यें तेलाचा मोठा सांठा लागला. १९१२ मध्यें केटरिंगच्या युक्तीनें कॅडिलॅक गाडी हातानें दांडा न फिरवितां सुरू होऊं लागली. हीं कारणें सर्वश्रुत असल्यानें त्यांचा विस्तार करीत नाहीं.

हल्लींच्या गाड्यांत लिथियमची बॅटरी असते, आणि ती शिशाच्या बॅटरीहून वजनाच्या मानानें कितीतरी पट अधिक वीज सांठविते. पुण्यांतील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेच्या चांचणींत मिळालेला पल्ला आणि बोरघाट चढतांना मिळणारा पल्ला यांत अंतर पडतें, हें गाडीवाले जाणतात. तरी शहरांतील रोजच्या कामास दोहोंपैकीं कोणताही पुरतो. असें असतां गिऱ्हाईक पहिला प्रश्न पल्ल्याचा विचारतें व बॅटरीच्या आयुष्याचा शेवटीं. हार्टफर्डचा व्यवहार मात्र परत आला आहे. १९२४ मध्यें तो संपला. २०२४ मध्यें एमजी कंपनीनें विंडसर ही गाडी बॅटरीवांचून ९.९९ लाख रुपयांस व बॅटरी किलोमीटरला साडेतीन रुपये भाड्यानें देऊं केली. तिची पारख करण्यास जाहिरात पुरणार नाहीं, वह्या लागतील.

म्हणून ज्या वाचकांनीं विजेची गाडी घेतली असेल त्यांस आमची विनंती आहे कीं, त्यांनीं खरेदीची पावती, दरमहाचा विजेचा खर्च, पावसाळ्यांत व घाटांत प्रत्यक्ष मिळालेला पल्ला आणि बॅटरीवर झालेला खर्च यांची नोंद ठेवावी. हल्लीं या नोंदी भ्रमणध्वनींत असतात, व तो बदलला कीं नाहींशा होतात; तरी त्या कागदावर उतरून बाडांत बांधाव्या. गाडी नवी घेतली कीं जुनी, हें पहिल्या पानावरच लिहावें.