नवेगाव बांध
नवेगाव बांध हे गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील तलावकाठचे गाव आहे. येथील तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे मानले जाते. पुढे त्यांना देवत्व लाभले. कोलासूर या नावाने त्यांची पूजा होते. तलावाभोवतीच्या डोंगरांना 'सात बहिणी' म्हणतात. कोहळी समाजाने पूर्व विदर्भात असे असंख्य तलाव निर्माण केले आणि धानाची शेती व ढिवरांची मासेमारी त्यांवरच उभी राहिली. अलीकडे गाळ, बेशरमाची झुडपे आणि बाहेरून आणून सोडलेले मत्स्यबीज यांमुळे या भागातील अनेक तलावांत देशी मासे व पाणवनस्पती घटल्या आहेत. ढिवरांच्या उपजीविकेवर याचा थेट परिणाम होतो; पर्यटकाच्या मात्र ते सहसा ध्यानात येत नाही.

येथील जंगलास १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१३ पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून येथे काम केले. 'नवेगावबांधचे दिवस' हे त्यांचे पुस्तक भेटीपूर्वी अवश्य वाचावे. पक्षिनिरीक्षणास हिवाळा उत्तम, कारण तेव्हा स्थलांतरित पाणपक्षी उतरतात. परिसरात इटियाडोह धरण आहे, तसेच गोठणगाव येथे तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे.