मुंबकेतली पावणेदोन गुंठे

ऑगस्ट २०२३मध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर चरस वाहून आला. कर्दे, लाडघर, केळशी, जिथे बघावं तिथे वाळूत प्लास्टिकची पाकिटं. कस्टमनं थोड्याच दिवसांत दोनशे किलोंहून जास्त माल गोळा केला. आमचं गाव शेजारच्या खेड तालुक्यात. त्या आठवड्यात गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच विनोद फिरत होता : 'भाईनं गणपतीचा शिधा पाठवला.'

भाई म्हणजे कोण, हे खेडमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. खेडबाहेरही लागत नाही. काही वर्षांपूर्वी मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र मुंबईत भाड्यानं खोली शोधत होतो. एका घरमालकानं विचारलं, 'रत्नागिरीत कुठले?' खेड म्हटल्यावर तो हसून म्हणाला, 'म्हणजे दाऊदचे गाववाले!' मीही हसलो. मित्र हसला नाही. त्यानं आडनाव सांगितलं तेव्हा मालकही हसायचा थांबला. ते आडनाव कोकणी मुसलमानाचं होतं. संध्याकाळी मला एकट्याला फोन आला, की तुम्ही एकटे राहणार असाल तर खोली आहे.

तेव्हापासून मला या माणसाबद्दल वाचायची खोड लागली. सिनेमातल्या गॉगलवाल्या दाऊदमध्ये मला फारसा रस नाही. हा धंदा कशावर वाढला आणि त्यातून शेवटी काय उरलं, ते मला समजून घ्यायचं होतं.

दाऊद इब्राहिम कासकरचा जन्म डिसेंबर १९५५चा. मूळ गाव खेड तालुक्यातलं मुंबके. वडील इब्राहिम कासकर मुंबई पोलिसांत हेड कॉन्स्टेबल. कोकणातल्या हजारो घरांसारखंच हे एक घर : जमीन तुटपुंजी, कमावता माणूस मुंबईत, गावाकडं मनिऑर्डर. पोरं डोंगरीच्या गल्ल्यांत वाढली.

त्या काळातला मोठा बेकायदा धंदा सोन्याचा होता, आणि तो धंदा एका अर्थानं सरकारी कायद्यानंच उभा केला होता. चीन युद्धानंतर परकीय चलनाची चणचण होती. १९६३च्या जानेवारीत मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं, १९६८मध्ये त्याचा कायदा झाला. पण लग्नात सोनं घालायची हौस कायद्यानं कुठं कमी होते? दुबईतला भाव आणि झवेरी बाजारातला भाव यांत जी फट पडली, तिच्यात हाजी मस्तानसारखी माणसं मोठी झाली. दहा तोळ्यांची बिस्किटं गलबतांतून यायची, कप्पे शिवलेल्या जाकिटांतून पुढं जायची. माल किनाऱ्यावर उतरवण्याला शब्द होता 'लँडिंग'. रायगड-रत्नागिरीचा किनारा त्यासाठी जणू बेतून काढलेला. लहान-मोठ्या खाड्या, मध्ये डोंगर, आणि त्या काळी धड रस्ते नाहीत. रात्री कुठं होडी लागली हे गावाला कळायचं, पण सकाळी कुणी बोलायचं नाही. बोलायला आमची माणसं कंजूष नाहीत, पण कुठं गप्प बसायचं ते त्यांना बरोबर कळतं.

आणीबाणीत बडे तस्कर आत गेले. बाहेर आल्यावर मस्तान या धंद्यातून बाजूला झाला. त्या रिकाम्या जागेवर जी पोरं आली त्यांत हवालदार कासकरांची दोन मुलं होती, साबिर आणि दाऊद. फेब्रुवारी १९८१मध्ये प्रभादेवीच्या पेट्रोल पंपावर पठाण टोळीनं साबिरला गोळ्या घातल्या. पुढची दोन-तीन वर्षं सूडाची. मग १९८०च्या दशकाच्या मध्यावर दाऊद दुबईला निघून गेला. आयुष्यातली ही त्याची सगळ्यात हुशारीची चाल होती असं मला वाटतं. अटक करायला माणूस मुंबईत नाही आणि धंदा मात्र मुंबईतच.

नेमका त्याच सुमारास समुद्रावरचा माल बदलत होता. १९७९मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या, आणि त्या टापूतली अफू हेरॉइन होऊन पाकिस्तानमार्गे बाहेर पडू लागली. पश्चिमेकडं जाणाऱ्या मालासाठी मुंबई हा वाटेवरचा मोठा मुक्काम ठरला. वाटेवरच्या गावात थोडा माल सांडतोच. मुंबईत सांडलेल्या त्या भुकटीला लोकांनी नाव दिलं 'गर्द'. अनिल अवचटांनी त्या पोरांवर लिहिलं, पुस्तकाचं नावच 'गर्द'. डॉ. अनिता अवचटांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं ते ऑगस्ट १९८६मध्ये, पु. ल. देशपांड्यांच्या देणगीच्या आधारानं. डोंगरी ते दुबई या प्रवासावर वाचताना ही तारीख शेजारी ठेवून बघावी. एकीकडं दुबईतल्या पार्ट्यांचे फोटो आहेत, दुसरीकडं पन्नीवर पावडर ओढणारी चाळीतली मुलं आहेत. सिनेमे पहिल्यावर निघाले.

१९८५चा एनडीपीएस कायदा कडक होता, किमान शिक्षाच दहा वर्षांची. म्हणजे जोखीम वाढली आणि जोखमीबरोबर नफाही. मँड्रॅक्स नावाच्या गोळ्यांचा उलटा प्रवाह होता, त्या भारतातून दक्षिण आफ्रिकेकडं जायच्या. या व्यापारात नाव झालं ते इक्बाल मेमनचं, ज्याला घरच्या मसाल्याच्या धंद्यामुळं मिरची म्हणत. तो लंडनला गेला, भारतानं त्याला परत मागितलं, ते जमलं नाही, आणि २०१३मध्ये तो तिथंच वारला.

मग १९९० आलं. सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला. पुढच्या दोनेक वर्षांत परदेशातून येणाऱ्याला पाच किलोपर्यंत सोनं अधिकृतपणे आणता येऊ लागलं. भावातली फट आकसली आणि सोन्याच्या तस्करीतली मलई गेली. अमली पदार्थांचं तसं होत नाही, त्यांच्यावरची बंदी कुठलं सरकार उठवणार? म्हणून टोळ्या तिकडं अधिक वळल्या, हे मला सगळ्यात सरळ स्पष्टीकरण वाटतं.

पण वाट एकदा पाडली की तिच्यावरून काय जाईल हे पाडणाऱ्याच्याही हातात राहत नाही. किंवा राहतं, आणि तो ठरवून करतो. १९९३च्या सुरुवातीला रायगडात दिघी आणि शेखाडीला लँडिंग झालं. लाच घेणाऱ्यांनी चांदी समजून डोळे मिटले असतील, पण उतरलं ते आरडीएक्स आणि शस्त्रं. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मेली. पुढं टाडा न्यायालयानं कस्टमच्या आणि पोलिसांतल्या काही जणांनाही दोषी ठरवलं. हवालदाराच्या मुलाच्या गोष्टीतला हा भाग मला फार लागतो. वर्दी दोन्हीकडं आहे.

स्फोटांनंतर छोटा राजन उघड वैरी झाला, टोळी फुटली, दुबई सुटली. भारत सांगत आला की तो कराचीत आहे, पाकिस्तान नाही म्हणत आलं. ऑगस्ट २०२०मध्ये पाकिस्ताननंच काढलेल्या निर्बंधांच्या यादीत त्याचं नाव कराचीच्या पत्त्यासह आलं, आणि लगेच तेही नाकारलं गेलं. अमेरिकेनं ऑक्टोबर २००३मध्ये त्याला जागतिक दहशतवादी जाहीर केलं, ब्रिटन आणि पश्चिम युरोपात अमली पदार्थ पाठवण्याचा आरोप त्याच कागदात होता. जून २००६मध्ये तो त्यांच्या बड्या ड्रग तस्करांच्या यादीत गेला. खटल्याला मात्र तो कधी उभा राहिला नाही. त्यामुळं पडला म्हणावं तरी कसा पडला, हे सांगणं अवघड आहे. बेड्या नाहीत, निकाल नाही. जगातली सगळ्यात मोठी पदवी मिळाली तेव्हा स्वतःच्या नावानं दार उघडायची सोय उरली नव्हती, एवढंच म्हणता येतं.

मुंबकेची जमीन मात्र राहिली. आणीबाणीतल्याच १९७६च्या साफेमा कायद्याखाली सरकारनं ती जप्त केली होती. २०२०मध्ये घर आणि काही तुकडे लिलावात गेले. घराला ११ लाख २० हजार आले. ५ जानेवारी २०२४ला आणखी चार तुकडे निघाले. दोनांना कुणी गिऱ्हाईकच नाही. एक तुकडा १७०.९८ चौरस मीटरचा, म्हणजे पावणेदोन गुंठ्यांनाही जरा कमी. सरकारी किंमत १५,४४० रुपये. दिल्लीच्या एका वकिलानं त्यावर २ कोटी १ लाखाची बोली लावली. आमचे काका बातमी वाचून म्हणाले, 'तेवढ्यात नाचणीसुद्धा नीट होत नाही. हा पैसा मातीचा नाय, नावाचा आहे.'

मी ती बातमी मित्राला पाठवली. तो अजून मुंबईत भाड्यानंच राहतो, दर अकरा महिन्यांनी नवी खोली शोधतो. बराच वेळ दोन निळ्या टिका दिसत राहिल्या. मग उत्तर आलं :

'दोन कोटीत कांदिवलीला टू बीएचके येतो रे. पण आडनाव विचारतील.'