कागद आणि कुलगुरू

तारापूरचा किल्ला आपण नित्य पाहतो. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने तो घेतला, त्या झुंजीत बाजी भिवराव पडले. पण हे दगड सांगत नाहीत, कागद सांगतात. कागदाचे हे मोल डॉ. आप्पासाहेब पवारांनी पुरते ओळखले होते. इतिहासाचे हे अभ्यासक कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि १९६२ साली शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. अधिकारपद आले की संशोधन सुटते, असा आपल्याकडचा अनुभव. पवारांनी मात्र ताराबाईकालीन कागदपत्रे संपादिली व ती विद्यापीठाकडूनच प्रसिद्ध झाली. १७०० नंतर औरंगजेबाशी सात वर्षे झुंजलेल्या राणीला पुराव्याचे बळ मिळाले. खुर्ची सोडावीच लागते. छापलेला कागद मागे राहतो. आपल्या पालघर-तारापूरच्या घरांतील जुनी दप्तरे आपण वाळवीच्या तोंडी देणार काय?