मांडू ते बुऱ्हाणपूर : घरी परतणाऱ्या कबुतरांचा मागोवा

अहिल्यानगर जिल्ह्याच्या कोरडवाहू भागातून जाताना जुन्या दगडी विहिरीत डोकावले की बांधकामाच्या कपारींतून पारवे फडफडत वर येतात. हरिश्चंद्रगडाच्या कड्यांत, सलाबतखानाच्या कबरीच्या कमानींत, फराहबागेच्या पडक्या भिंतींत हाच निळसर राखी पक्षी आपल्याला भेटतो. जगातील एकूण एक पाळीव कबुतरांचा मूळ पुरुष हाच. कड्यात घरटे करायचे, दाणे टिपायला लांबच्या रानात जायचे आणि दिवस मावळायच्या आत त्याच कपारीत परतायचे, हा त्याचा स्वभाव माणसाने घडवलेला नाही. माणसाने एवढेच केले, की कड्याच्या जागी ढाबळ बांधली आणि पिल्लाला ती ढाबळ हेच आपले घर आहे असे शिकवले. पुढच्या दोन हजार वर्षांत जे काही घडले ते या शिकवण्याच्या रीतीत घडले. म्हणून राजे आणि युद्धे यांच्यामधून आपण त्या रीतीचा माग काढू.

आपल्याकडचा सर्वांत जुना आणि सर्वांत विसरलेला धागा कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. हा ग्रंथच शतकानुशतके नजरेआड होता, म्हैसूरच्या आर. शामशास्त्रींच्या हाती हस्तलिखित आले आणि १९०९ मध्ये तो छापून निघाला. त्याच्या दुसऱ्या अधिकरणात विवीताध्यक्ष नावाचा अधिकारी येतो. गावांच्या मधली कुरणे आणि ओसाड रान राखणे हे त्याचे काम. शत्रू किंवा आटविक (रानवासी) टोळ्या हालचाल करताना दिसल्या तर त्याने मुद्रा बांधलेल्या गृहकपोतांकरवी किंवा धूर आणि अग्नी यांच्या साखळीने राजाला खबर पोचवावी, असे तिथे सांगितले आहे. याचा अर्थ नीट उलगडला तर एक संपूर्ण व्यवस्था डोळ्यांपुढे उभी राहते. पक्षी राजवाड्यात जन्मलेले असले पाहिजेत, पिंजऱ्यात घालून सरहद्दीवर नेलेले असले पाहिजेत आणि ते अधूनमधून बदलले गेले पाहिजेत. राजवाड्यात कोणीतरी रोज पिल्लांना बाहेर सोडून परत बोलावीत होते. त्या माणसाचे नाव कोणत्याही पोथीत उतरलेले नाही, याची मला नेहमी हळहळ वाटते.

यानंतर ही विद्या पश्चिम आशियात बहरलेली दिसते. बगदादच्या अब्बासी खलिफांची कबुतरे प्रसिद्ध होती. बाराव्या शतकात सीरियाच्या नूरुद्दीनने तिला रीतसर टपालाचे रूप दिले आणि तेराव्या शतकात मामलुक सुलतान बैबर्सने इजिप्त व सीरिया यांच्या दरम्यान ती टपालव्यवस्था अधिक भक्कम केली. मध्य आशियातल्या तैमुरी घराण्यांत मात्र कबुतर हा मुख्यतः शौक होता. इसवी सन १४९४ हे साल आपण लक्षात ठेवू. त्या वर्षी मलिक अहमद निजामशहाने सीना नदीकाठी आपल्या नव्या शहराची, अहमदनगरची (आजच्या अहिल्यानगरची), पायाभरणी केली. त्याच वर्षी जून महिन्यात दूर फरगण्यात, अख्सीच्या किल्ल्यात, उमर शेख मिर्झा आपल्या कबुतरखान्यात असताना खोल दरीच्या काठावरची ती इमारत कोसळली आणि पक्ष्यांसह तोही गेला. हा बाबराचा बाप. एकशे सहा वर्षांनी, १६०० च्या ऑगस्टमध्ये, त्याच्याच पणतूच्या फौजेने नगरचा किल्ला घेतला.

तो पणतू, अकबर, कबुतरांच्या बाबतीत पणजोबाच्याच वळणावर गेला होता. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत या छंदासाठी एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. बादशहा या खेळाला इश्कबाजी म्हणत असे. वीस हजारांहून अधिक पक्षी, त्यांतले पाचशे खासे. इराण आणि तुराणच्या राजांकडून भेट आलेल्या जाती. खान-ए-आझम अजीज कोकाने आणलेला मोहना नावाचा नर आणि त्याच्या वंशातले अश्की, परीजाद, अल्मास. बुखारा, समरकंद, हेरात, बल्ख येथून आलेल्या कबुतरबाजांची नावे अबुल फजल एकामागून एक नोंदवतो. दाण्याचे सात प्रकारचे मिश्रण सांगताना जोंधळाही सांगतो. छावणी हलली की कहार पक्ष्यांची घरेच खांद्यावर घेऊन चालत. या सगळ्या डामडौलात आपल्या विषयाचे वाक्य चटकन निसटून जाईल इतके लहान आहे. रथ नावाची जात पत्रे नेण्यासाठी वापरतात, पण कोणत्याही कबुतराला लांबून पत्र आणायला शिकवता येते, अशा आशयाची ती नोंद आहे. तिचे मोल मोठे आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मोगल दरबाराला ठाऊक होते, की जातीपेक्षा शिक्षण महत्त्वाचे.

आता आपण १६१७ मध्ये येऊ आणि इथे जरा थांबू, कारण नगरचा धागा इथेच या गोष्टीत गुंफला जातो. १६१० च्या सुमारास निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर याने मोगलांकडून नगरचा किल्ला परत जिंकला होता. तो पुन्हा मिळवण्यासाठी अकबराचा मुलगा, बादशहा जहांगीर, स्वतः माळव्यात उतरला. त्याने मांडूच्या डोंगरी राजवाड्यांत मुक्काम ठोकला आणि शहाजादा खुर्रमला पुढे तापीकाठच्या बुऱ्हाणपूरला, दख्खनच्या मोहिमेच्या ठाण्यावर, धाडले. मांडूचा पावसाळा जहांगीरला फार आवडला. त्या मुक्कामात त्याला ऐकलेली गोष्ट आठवली, की अब्बासी खलिफांच्या काळी बगदादी कबुतरांना पत्रे न्यायला शिकवीत. त्याने आपल्या कबुतरबाजांना तसे करण्याचा हुकूम दिला. निकाल त्याने आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवला आहे. मांडूहून भल्या सकाळी सोडलेले पक्षी पाऊस जोराचा असला तर फार तर अडीच प्रहरांत, नाहीतर दीड प्रहरात बुऱ्हाणपूरला पोचत. हवा अगदी स्वच्छ असली तर बहुतेक एका प्रहरात, आणि काही तर चार घटकांत.

हे आकडे पडताळून पाहण्यासारखे आहेत. मांडू ते बुऱ्हाणपूर हे सरळ हवाई अंतर साधारण १४० किलोमीटर भरते. एक प्रहर म्हणजे तीन तास. म्हणजे ताशी पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरचा वेग. चार घटका म्हणजे ९६ मिनिटे. तेव्हा वेग ताशी जवळपास ९० किलोमीटर होतो, आणि पाठीवर वारा असेल तर आजची उत्तम होमर, म्हणजे घरी परतणारी, कबुतरे तेवढ्या वेगाने उडतात. बादशहाने बढाई मारलेली नाही, असा माझा निष्कर्ष आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट दिशेची. जहांगीर फक्त मांडूहून बुऱ्हाणपूरला गेलेल्या पक्ष्यांबद्दल लिहितो. कबूतर घराकडेच उडते. म्हणजे त्यांची ढाबळ बुऱ्हाणपूरला होती आणि पिंजरे मांडूवर वाहून नेले जात. हुकूम पंखांवरून दक्षिणेला जाऊ शकत होते, पण दक्षिणेची बातमी वर यायला घोडाच लागे. विजापूरचा आदिलशहा आणि मलिक अंबर नमले, नगरच्या किल्ल्याच्या किल्ल्या मिळाल्या, ही खबर मांडूला आणली ती सय्यद अब्दुल्ला बारहा नावाच्या माणसाने, आणि त्याबद्दल त्याला सैफखान हा किताब मिळाला. ऑक्टोबरात खुर्रम मांडूला परतला आणि शाहजहान झाला. छावणी हलली, तशी ही कबुतरांची वाटही इतिहासातून नाहीशी झाली.

आपल्याकडे यानंतर उंच उडणाऱ्या आणि कोलांट्या मारणाऱ्या पक्ष्यांचाच शौक टिकून राहिला. पत्रवाहक पक्ष्याची पुढची घडण झाली बेल्जियममध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अँटवर्प आणि लिएज परिसरात निरनिराळ्या जातींचा संकर करून लांब पल्ल्याचा, भक्कम छातीचा होमर तयार झाला. १८५० मध्ये रॉयटरने आखेन आणि ब्रुसेल्स यांच्यामध्ये, तारेची ओळ जिथे अपुरी होती तिथे, बाजारभाव पोचवायला त्यांचा उपयोग केला. १८७० मध्ये पॅरिसला वेढा पडला, तेव्हा साडेतीनशेहून अधिक कबुतरे फुग्यांतून बाहेर नेली गेली. ती सूक्ष्मछायाचित्रांच्या रूपात हजारो पत्रे घेऊन परत सोडली गेली, पण कडाक्याच्या थंडीत थोडीच पोचली. त्याच १८७० मध्ये मुंबई समुद्राखालच्या तारेने लंडनशी जोडली गेली.

तरीही तार तुटते आणि बिनतारी यंत्र बंद पडते, म्हणून सैन्याने कबूतर सोडले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, लष्कराकडच्या सुमारे दोनशे पक्ष्यांवर ओरिसा पोलिसांची कबुतरसेवा उभी राहिली. नगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ ही वर्षे कैदेत काढलेल्या जवाहरलाल नेहरूंनी १३ एप्रिल १९४८ रोजी संबळपूरहून कटकला आपल्या सभेच्या व्यवस्थेविषयीची सूचना याच सेवेच्या कबुतराकरवी पाठवली. या पोलिसांनी जहांगीरची अडचणही सोडवली. एका ठिकाणी घर आणि दुसऱ्या ठिकाणी दाणा, अशी सवय लावून त्यांनी जाऊन-येऊन करणारे पक्षी तयार केले. १९८२ चा महापूर आणि १९९९ चे चक्रीवादळ, दोन्ही वेळा हे पक्षी कामी आले.

पक्षी घर कसे ओळखतो, याचा उलगडा मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊ लागला. सूर्याच्या जागेवरून तो दिशा ठरवतो, हे क्रामर या शास्त्रज्ञाच्या प्रयोगांनी सुचवले. १९७१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात कीटनने कबुतरांवर लोहचुंबक बांधले, तेव्हा उन्हात ती बरोबर परतली आणि ढगाळ दिवशी गोंधळली. इटलीत पापीने दाखवले, की वाऱ्याबरोबर येणारे गंधही त्यांना वाट दाखवतात. वारा अडवलेल्या पिंजऱ्यात वाढलेली पिल्ले दूरवरून सोडल्यावर घराची दिशा धरीत नाहीत, हेही प्रयोगांनी सिद्ध झाले.

आजचा होमर पाळणारा नेमके तेच करतो जे या सगळ्यातून गाळून उरले आहे. सातव्या दिवसाच्या आसपास पिल्लाच्या पायात कडे घातले जाते. महिन्याभराचे होऊन ते स्वतः दाणे टिपू लागले, की त्याला ढाबळीच्या माथ्यावरच्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात. तिथून ते भोवतालची छपरे, झाडे, सूर्य पाहते आणि वारा घेते. मग आत शिरायला येते पण बाहेर पडायला येत नाही अशा दारातून त्याला घरात यायला शिकवतात. हे सगळे पोट थोडे रिकामे ठेवून, शिट्टी आणि दाण्याच्या डब्याच्या आवाजावर. ढाबळीभोवती ते तासभर घिरट्या घालू लागले, की मग अंतर. नगरच्या पिल्लांना पुण्याच्या दिशेने तयार करायचे झाले तर पहिला मुक्काम केडगाव, तिथून अनेकदा परत आल्यावर सुपे, मग शिरूर, आणि शेवटी खुद्द पुणे, म्हणजे हवाई अंतराने सुमारे ११० किलोमीटर. आधी थव्याने सोडायचे, मग एकेकटे. सकाळी, स्वच्छ आकाशात. बहिरी ससाण्याच्या हिवाळी वावराचा अंदाज घेऊन. एखादे पिल्लू संध्याकाळी उशिरा, थकून आले तरी त्या दिवशी त्याला दाणा द्यावाच लागतो. न दिल्यास पुढच्या खेपेला ते छपरावर उतरते आणि दारातून आत यायचे टाळते. अशा पिल्लाला पुढचा टप्पा दाखवत नाहीत. दोन दिवसांची विश्रांती देऊन त्याच अंतरावरून पुन्हा सोडतात.