घर बांधणारा आणि घरात राहणारा

मांजलपूर हे एके काळी बडोद्याच्या दक्षिणेचे एक गाव होते. शेजारी मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत वाढली, शेतांच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या आणि गाव शहरात विरून गेले. या बदलाबरोबर घर बांधणाऱ्याची जातही पालटली.

गुजरातेतील जुन्या पोळांत ज्याने घर बांधविले तोच त्यात राही. म्हणून भिंती जाड असत, मध्ये चौक असे, आणि अनेक घरांत पावसाचे पाणी साठविणारे टाकेही असे. खर्च त्याचा, गारवाही त्याचाच. त्याला निसर्गप्रेमाचा उपदेश करावा लागत नसे.

शहराच्या पातळीवर हीच दृष्टी राज्यकर्त्याने दाखविली. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत (1875-1939) आजव्याच्या सरोवराचे पाणी नळाने शहरात आले. 1916 साली पॅट्रिक गेडीस यांनी बडोद्याच्या वाढीविषयी अहवाल दिला. तळी बुजवू नयेत, ती स्वच्छ राखून बागांनी वेढावीत, असा आग्रह त्यांनी हिंदुस्थानातील अनेक नगरांच्या बाबतीत धरला होता.

पुढे व्यावसायिक बिल्डर आला आणि खर्च एकाचा व लाभ दुसऱ्याचा झाला. उष्णता अडविणाऱ्या भिंतीसाठी तो पैसे मोजतो; विजेचे बिल मात्र राहणाऱ्याचे कमी होते. मग त्याने ती भिंत का बांधावी? पर्यावरणस्नेही घरांचा सारा प्रश्न या एका प्रश्नात सामावला आहे.

त्याची उत्तरे तीन प्रकारची आहेत. पहिले सक्तीचे. तामिळनाडूने 2003 मध्ये पर्जन्यजल संचयन प्रत्येक इमारतीस अनिवार्य केले. 2018 मध्ये केंद्र सरकारने ‘इको-निवास संहिता’ आणून भिंती, वायुवीजन व उजेड यांची मानके घालून दिली. पण ती लागू करणे राज्यांच्या हाती राहिले. दुसरे उत्तर सवलतीचे. पिंपरी-चिंचवड महापालिकेने ‘गृह’ मानांकन मिळविणाऱ्या इमारतींबाबत बिल्डरला शुल्कात आणि रहिवाशाला मिळकतकरात सूट दिली. विभागलेले दोन हात येथे पुन्हा जुळले. 2024 च्या सूर्यघर योजनेत छतावरील सौर संचाला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान ठेवले गेले, तेही याच वळणाचे.

तिसरे उत्तर ग्राहकाचे, आणि ते बहुधा संकटानंतरच मिळते. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचे पाणी 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 35 फुटांवर गेले आणि बडोद्यातील असंख्य घरांत शिरले. पाणी मुरायला आणि पसरायला जागा उरली नाही म्हणजे काय होते, हे तेव्हा साऱ्या शहराने पाहिले.

बिल्डर हा नफ्याकडे पाहणारच. तो त्याचा धंदा आहे. घर घेणाऱ्याने दिवाणखान्याच्या फरशीबरोबर पावसाचे पाणी कोठे जाते हेही विचारले, की त्या प्रश्नाला बाजारात किंमत येते. कायदा रस्ता दाखवितो, सवलत पाऊल उचलविते. पण त्या वाटेवर टिकवून धरते ती विचारणाऱ्याची चिकाटी.